मी हात ठेवला तिथली रेघ

आमच्या घराच्या पुढच्या भिंतीवर, दाराच्या डाव्या बाजूला, एक लाल रेघ आहे. मी तिच्याजवळ उभी राहिले की ती माझ्या गळ्याशी येते. सरकारी कागदात लिहिलं आहे की एका पावसाळ्यात नाल्याचं पाणी इथपर्यंत चढलं होतं. ते चढलं नव्हतं. पाणी माझ्या गुडघ्याला लागलं होतं. रेघ तिथे आहे, कारण मी तिथे हात ठेवला होता.

हे मी एकदाच तोंडाने सांगितलं, तेही भरल्या कचेरीत, आणि ते जिथे पोचायला पाहिजे होतं तिथे पोचलं नाही. म्हणून लिहून ठेवते. मुलीची एक वही अर्धी कोरी राहिली होती. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात झालेलं. लग्न होऊन जबलपूरला आले आणि मराठी लिहायचं कामच पडलं नाही. मुलीला मराठी समजतं, पण ती बोलते हिंदीत, आणि माझं अक्षर तर तिला दोन ओळींच्या पुढे वाचवत नाही. तेव्हा वही कुठेही ठेवली तरी भीती नाही.

आमची गल्ली नाल्याला लागून आहे. पहिलं घर आमचं, सगळ्यात खालच्या जमिनीवर. तिथून जमीन चढत जाते. आमच्या दारात उभं राहून पाहिलं तर टोकाच्या घराचा उंबरा माझ्या कमरेएवढा उंच दिसतो. सासरे नागपूरकडून इथे कारखान्यात कामाला आले, तेव्हा त्यांना हीच जागा मिळाली. नाल्याच्या पलीकडे शिंगाड्याचं तळं होतं. थंडी सुरू झाली की लोक डोंग्यात बसून शिंगाडे तोडायचे, आणि अलीकडून आम्ही हाका मारून विकत मागायचो. पावसाळ्यात नाला फुगला की पाणी पहिले त्या तळ्यात जाऊन बसायचं. तिथली जागा भरली, तरच ते आमच्याकडे वळायचं.

त्या वर्षी ते वळलं. मुलगी चार वर्षांची होती. सकाळी पाणी उंबऱ्याशी होतं, दुपारपर्यंत माझ्या गुडघ्याला लागलं. पेटी, धान्याचा डबा आणि मुलगी, तिन्ही आम्ही खाटेवर ठेवली. ती खाटेवरून आपली चप्पल पाण्यात सोडायची आणि हे तिला ती परत आणून द्यायचे. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. समोरच्या चाचीच्या घरात घोटाभर पाणी आलं होतं, मधल्या घरांत नुसता ओलावा, आणि टोकाच्या घरांत चूलसुद्धा विझली नव्हती. चाची म्हणजे समोर राहणारी हिंदी बोलणारी बाई. तिला अख्खी गल्ली चाचीच म्हणते.

तिसऱ्या दिवशी पाहणी करायला एक बाबू आले. त्यांच्या हातात रजिस्टर, आणि बरोबर लाल रंगाचा डबा घेतलेला एक माणूस. पाणी किती आलं ते बघून मदत मिळणार होती. ते गल्लीत शिरायच्या आधीच चाची माझ्या दारात आली.

"सुन," ती म्हणाली, "घुटने-वुटने मत बोल देना. उस तरफ की बस्ती में जिसने घुटने बोला, उसको ठेंगा मिला. ऊपर बताना, समझी?"

मी मान हलवली. हे मागच्या अंगाने गाळ काढत होते.

बाबू दारात आले. "दीदी, पानी कहाँ तक आया था?"

परक्या माणसासमोर माझा आवाज निघत नाही. लहानपणापासून तसंच आहे. शाळेत कविता पाठ असायची, पण गुरुजींनी उभं केलं की मी नुसती ओठ हलवायची. त्या दिवशीही तेच झालं. तोंडातून काही येईना, म्हणून मी हात दाखवला. माझ्या मनात कंबर होती. तेवढं खोटं चालेल, असं मी ठरवलं होतं. हात कमरेशी नेला. मागे चाची खाकरली. हात वर गेला, छातीशीही थांबला नाही, गळ्याशी आला आणि भिंतीला टेकला.

"इतना?" बाबू म्हणाले.

मी पुन्हा मान हलवली. रंगवाल्या माणसाने माझ्या बोटांच्या खाली ब्रश ओढला. थोडा रंग माझ्या करंगळीला लागला.

मग बाबूंना कंटाळा आला. प्रत्येक घरी विचारलं तर प्रत्येक जण आपापलं सांगणार, असं ते म्हणाले. चाची लगेच पुढे झाली. "इनके आदमी मिस्त्री हैं साहब. लेवल वाला पाइप है इनके पास. एक घर का नाप ले लो, सबका निकल आएगा."

आमचे हे गवंडीकाम करतात. इथे गवंडी कोणी म्हणत नाही, मिस्त्री म्हणतात. त्यांच्याकडे एक लांब पारदर्शक नळी आहे. तिच्यात पाणी भरायचं, पाणी दिसावं म्हणून थोडी नीळ घालायची, आणि दोन माणसांनी दोन टोकं धरायची. एका टोकाला पाणी जिथे थांबेल, बरोबर त्याच उंचीवर ते दुसऱ्या टोकाला थांबतं, मध्ये जमीन कितीही वरखाली असो. पाया आणि भिंती अशाच एका रेषेत आणतात. यांची लेव्हल कधी चुकत नाही, असं ठेकेदार म्हणतात.

बाबूंनी यांना बोलावलं. यांनी भिंतीवरची ओली रेघ पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांपूर्वी गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनीच मुलीची चप्पल पकडली होती. आत गेले, नळी आणली, पाणी भरलं. एक टोक रंगवाल्याने माझ्या रेघेशी धरलं आणि दुसरं टोक घेऊन हे घराघराने गेले. चाचीच्या भिंतीवर रेघ छातीशी आली. मधल्या घरांत कमरेशी, टोकाच्या घरांत गुडघ्याशी. ज्यांच्या घरी थेंब आला नव्हता, त्यांच्याही भिंतीवर लाल रेघ आली.

बाबू खूश झाले. "पानी झूठ नहीं बोलता," असं म्हणत त्यांनी रजिस्टर बंद केलं.

आठवड्याच्या आत साऱ्या गल्लीला ताडपत्र्या, चादरी, गहू आणि तेल मिळालं. चाचीने त्यातल्याच तेलात पुऱ्या तळून आम्हाला दिल्या. "गूँगी ने हाथ उठाया और पूरी गली का चूल्हा जला," ती सगळ्यांना सांगायची, आणि मी पदरात तोंड लपवून हसायची. खरं सांगते, मला तेव्हा बरं वाटलं होतं. माझ्या हातून कोणाचं काही झालं, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं.

रेघ कोणी पुसली नाही. पुन्हा पाणी आलं तर दाखवायला राहील, असं सगळ्यांचं ठरलं. दरवर्षी जयंतीच्या आधी हे घराला रंग द्यायचे. खाली निळा, वर पांढरा, आणि रेघेच्या कडेने ब्रश सांभाळून न्यायचे. मुलगी त्या रेघेशी उभी राहून आपली उंची मोजायची. ज्या वर्षी तिचं डोकं रेघेच्या वर गेलं, त्या वर्षी तिने गल्लीभर ओरडून सांगितलं, "मैं लाइन के ऊपर! अब बाढ़ आई तो नहीं डूबूँगी!"

पुढे ती नर्सचं शिकली, दवाखान्यात लागली. यांच्या मनात फार वर्षांपासून एकच गोष्ट होती. यांनी दुसऱ्यांच्या कितीतरी घरांवर स्लॅब टाकले, आणि आमच्या डोक्यावर टिनच. मुलीसाठी वर एक खोली काढायची, खिडकी नाल्याकडे नाही, बुद्धविहाराकडे ठेवायची, एवढं त्यांचं ठरलेलं होतं. कामावरून उरलेल्या सळया ठेकेदाराकडून मागून मागून आणल्या आणि मागच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. गल्लीत आजवर कोणी विचारून घर बांधलं नव्हतं. पण मुलगी म्हणाली, "पापा, इस बार कागज़ से बनाएँगे. नक्शा पास कराके."

म्हणून अर्ज दिला. त्या अर्जामुळे आमच्या गल्लीचं रजिस्टर उघडलं गेलं, की ते तसंही उघडणार होतं, मला माहीत नाही. मंजुरी आली नाही, नोटीस आली. सगळ्या गल्लीला आली. मुलीने ओसरीत उभं राहून वाचून दाखवली. ही जागा डूब क्षेत्र आहे, म्हणजे पाण्याखाली जाणारी. इथे नवीन काही बांधायचं नाही. आणि ज्या घरांत नोंदलेलं पाणी कमरेपर्यंत किंवा त्याच्या वर आहे, ती घरं काढायची. तिथल्या लोकांना शहराबाहेर फ्लॅट मिळतील. कोणाला काही म्हणायचं असेल तर सुनावणीला यावं.

"नोंदलेलं म्हणजे काय?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

मुलीने बोटाने रेघ दाखवली. "ये."

तोपर्यंत पलीकडचं तळं राहिलं नव्हतं. तळ्याच्या मालकाने ते विकलं आणि दोन उन्हाळे तिथे ट्रक मुरूम आणि मलबा टाकत राहिले. पाणी जाऊन बसायची जागा आमच्यापेक्षा उंच झाली. वर कॉलनीचं गेट लागलं. कॉलनीच्या भोवती भिंत घालायचं काम यांनाच मिळालं. मी पुलियावरून, म्हणजे नाल्यावरच्या लहान पुलावरून, डबा घेऊन जायची. हे आपल्याच घराकडे पाठ करून विटा लावत बसलेले असायचे.

"इथं काहून काम घेतलं?" मी एकदा विचारलं.

"मी नाई घेतलं तं भिंत थांबणार हाये का?" ते म्हणाले. "डबा ठेव आन् जा. ऊन हाये."

सुनावणी सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत होती. वऱ्हांड्यात बाकं, बाहेर कडुनिंब. गल्लीतले सगळे गेलो. साहेब तरुण होते, रागावलेले नव्हते. त्यांनी प्रत्येकाला बोलू दिलं, आणि प्रत्येक जण एकच बोलत होता, की पाणी येतच नाही.

"एक बूँद नहीं आता साहब," चाची म्हणाली.

साहेबांनी जुनं रजिस्टर काढलं. "अम्मा, आपके नाम पर तिरपाल है, दो चादर हैं, राशन है. पानी नहीं आया तो ये सब किस बात का लिया?"

"तिरपाल तो धूप के लिए ली थी," चाची म्हणाली. सगळे हसले, साहेबही हसले. पण त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

कोणीतरी मागून विचारलं, "और सामने की कॉलोनी? वो तो तालाब में बनी है."

"वहाँ का कोई रिकॉर्ड नहीं है," साहेब म्हणाले. "वहाँ कभी पानी दर्ज ही नहीं हुआ."

ते खोटं बोलत नव्हते. तळ्यात घर नव्हतं. घर नव्हतं म्हणून भिंत नव्हती, आणि भिंतीशी उभी राहून हात वर करणारी बाई नव्हती. दरवर्षी ज्या जागेने पाणी पोटात घेतलं, तिची नोंद कोरी. आणि आमची भरलेली.

तेव्हा मी उभी राहिले. कशी राहिले ते मला आजही सांगता येत नाही. हिंदी सगळी पळून गेली आणि तोंडातून मराठीच निघाली. "साहेब, पाणी गुडघ्यापर्यंतच होतं. रेघ खोटी आहे. हात मी वर केला होता. या लोकांचा काही दोष नाही, सगळ्यांच्या रेघा माझ्याच रेघेवरून काढल्या."

"क्या कह रही हैं?" साहेबांनी विचारलं.

मुलगी माझ्या शेजारी होती. तिने माझा दंड धरला. "सर, मम्मी कह रही हैं कि पानी घुटनों तक ही था."

"और?"

"बस यही."

साहेबांनी मान हलवली. "सब यही कह रहे हैं. तब गले तक था, अब घुटने तक. लिख लिया. बैठ जाइए."

मी खाली बसले. माझं खरं त्यांनी बाकीच्यांच्या खोट्याखालीच लिहिलं.

वऱ्हांड्यात आल्यावर मुलगी माझ्यावर रागावली. "मम्मी, आपको समझ में आता है? सरकार से झूठ बोलके राशन लिया, ये खुद बोलोगी तो केस बनेगा. आप पर भी, पापा पर भी. मेरी नौकरी का क्या?"

"पण खरं तेच आहे ना."

"मुझे पता है," ती म्हणाली आणि रडायला लागली.

गल्लीतल्या कोणाला माझं बोलणं समजलं नव्हतं. कळलं फक्त यांना. ते निंबाखाली उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घरी येताना रिक्षात आम्ही तिघं एकमेकांना खेटून बसलो होतो.

हुकूम आला तेव्हा उन्हाळा संपत आला होता. म्हणणं ऐकलं, मान्य नाही. टोकाची तीन घरं राहतील, बाकी जातील. फ्लॅट अजून तयार नाहीत, म्हणून पाऊस झाल्यावर हलवतील. तोपर्यंत राहायचं. चाचीने माझ्याशी बोलणं सोडलं आहे. तिला सगळंच माहीत आहे, खाकरली तर तीच होती. पण मी समोरून गेले की ती दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने म्हणते, "किसी-किसी का हाथ बहुत लंबा होता है." मी ऐकून घेते. तिच्या घरात दोन सुना, चार नातवंडं आहेत. तिने कुठे जाऊन मांडायचं सगळं?

परवा सकाळी यांनी नळी काढली. कामावर जायचं नव्हतं. जोडीला दुसरी नळी आणली होती, दोन्हींचा सांधा केला, पाणी भरलं, नीळ घातली. मला म्हणाले, "ये. हे टोक धर."

"कुठं?"

"रेघेशी."

मी माझ्या गळ्याशी, त्याच जागी, नळीचं टोक धरून उभी राहिले. हे दुसरं टोक घेऊन पुलिया ओलांडून कॉलनीच्या भिंतीपर्यंत गेले. तिकडून ओरडले, "हलू नको!" मी श्वास धरला. नळीतलं निळं पाणी वरखाली झालं, हळूहळू शांत होत गेलं, आणि रेघेशी थांबलं. यांनी तिकडे भिंतीवर कोळशाने खूण केली आणि वाकून बराच वेळ पाहत राहिले.

परत आले ते पायरीवर बसले.

"त्यायचा भराव तुह्या रेघेच्या चार बोटं वर हाये," ते म्हणाले. "पाण्याले आता तिकडं जागा नाई. यंदा नाला भरला, तं ते सारं इकडंच चढत राहीन. तुह्या रेघेपरेंत येईन."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. आम्ही गुडघाभर पाण्याचे लोक होतो, तेव्हा कागदावर गळाभर लिहिलं गेलं. आता खरंच गळाभर होणार.

"मग जाऊन सांगू साहेबांना," मी म्हणाले. "कॉलनीवाल्यांमुळे पाणी चढून राहिलं म्हणून."

"सांग नं. ते म्हनतीन, बघा, रेघ बरोबरच हाये, निघा आता." ते हसले, पण ते हसणं मला पाहवलं नाही. "पाणी येत नाई म्हनलं तं आपन खोटे. येते म्हनलं तं घर जाते. सांगतं काय?"

मग मी विचारलं. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. "त्या दिवशी तुम्ही काहून बोलले नाही? तुम्हाला तर ठाऊक होतं."

"तू बाबूसमोर हात उचलला," ते म्हणाले. "लोकायसमोर मी तुले खोटी पाडू का?"

त्यांनी नळी उचलून तिचं टोक खाली केलं. निळं पाणी ओसरीवरून वाहत नाल्याकडे गेलं. मग त्यांनी मागच्या भिंतीशी ठेवलेल्या सळया एक एक करून काढल्या आणि त्यातल्या दोन घरात आतल्या भिंतीत ठोकल्या, रेघेच्या उंचीपेक्षा वीतभर वर. त्यावर एक फळी टाकली.

काल मी त्या फळीवर सामान लावलं. बुद्धाची तसबीर ठेवली, मुलीचे नर्सच्या परीक्षेचे कागद प्लास्टिकमध्ये बांधून ठेवले, घराचे कागद, सासऱ्यांचा फोटो. ही वही ठेवण्यापुरती कडेला जागा आहे. बाकी घर रेघेच्या खाली आहे. दार, चूल, खाट, भांडी. फळीवर आणखी काय ठेवायचं म्हणून मी सकाळपासून पाहत आहे, पण एवढंच मावतं.